धोंडा सांभाळून ठेवा : वेण्णा तलावाकाठच्या मंडळींना खुले पत्र

वेण्णा तलावाच्या काठावर पाळणे, चक्र्या, घोडे, होड्या आणि कणसांच्या गाड्या लावणाऱ्या सर्व मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मी सातारची. गेली 28 वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून काम करते आहे. यंदाच्या मे महिन्यात पाच वर्षांच्या नातीला घेऊन महाबळेश्वरला आले होते. त्या दिवशी तुमच्या काठावर जे घडलं, त्यावरून हे पत्र लिहायला घेतलं. तुमच्याकडे एक मागणं आहे. पण ते मागण्याआधी मी कोण, कुठली, हे सांगितलं पाहिजे. तुमच्यातल्या एखाद्या जुन्या माणसाला कदाचित ओळख पटेल.

माझं आजोळ केळघर घाटाच्या पायथ्याचं. धाकटा मामा मुंबईत माथाडी, जावळीतल्या घरोघरी कुणी ना कुणी असतो तसा. थोरला मामा मात्र गाव सोडून गेला नाही. होळी झाली की तो वर जायचा आणि पाऊस येईपर्यंत वरच राहायचा. तलावाच्या कठड्याजवळ त्याची कणसांची गाडी असायची आणि बाजारपेठेच्या मागं भाड्याची एक खोली. 1978 ते 1984 असे सात उन्हाळे मी आणि माझा धाकटा भाऊ त्या खोलीत झोपलो आणि तुमच्या काठावर वाढलो.

शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी आई आम्हाला साताऱ्याच्या स्टँडवर मेढ्यावरून महाबळेश्वरला जाणाऱ्या एस्टीत बसवायची. कंडक्टरला दहा वेळा बजावायची, "दोघं एकटीच आहेत, वर मामा घ्यायला येणारेय." वाटेत कण्हेरच्या धरणाचं काम चाललेलं दिसायचं. मेढा मागं पडलं, केळघर मागं पडलं की घाट. घाटात भावाला हमखास उलटी व्हायची आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत खिडकीतून वर बघत राहायची. साताऱ्यात पाय भाजायचे आणि इथं उतरलं की मामाची घोंगडी अंगावर घ्यावीशी वाटायची. स्टँडपासून तलाव दोन किलोमीटर. मामा पिशवी खांद्याला अडकवायचा आणि आम्ही चालत निघायचो. वळणावर आधी धूर दिसायचा, मग वास यायचा, आणि मग पाणी.

तो वास मला आजही डोळे मिटून सांगता येतो. कोळशावर तडतडणारं कणीस, त्यावर चोळलेलं लिंबू, मीठ आणि लाल तिखट, घोड्यांच्या अंगाचा घाम, ओली लीद आणि पाण्यावरून येणारा गारवा. मामी शेजारी बसून गाजराच्या जुड्या बांधायची. महाबळेश्वरची ती लालबुंद गाजरं, पाल्यासकट. पाला काढायचा नाही, पाल्यावरच गिऱ्हाईक थांबतं, असं ती सांगायची. एका जुडीत किती गाजरं घ्यायची आणि त्यातली बारकी आत कशी घालायची, हे मी आठव्या वर्षी शिकले. स्ट्रॉबेरीचा तेव्हा आत्तासारखा गाजावाजा नव्हता. आम्ही करवंदं आणि जांभळं खायचो आणि जीभ दाखवत फिरायचो.

पण खरा जीव अडकला होता तो पाळण्यात.

चार पाळण्यांचा उभा रहाटपाळणा. लाकडी खांब, लोखंडी आस, आणि फिरवायला एक माणूस. त्या माणसाला काठावर सगळे बाबा म्हणायचे, म्हणून आम्हीही बाबाच म्हणायचो. चार आणे तिकीट. मामाची भाचरं म्हणून आमच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, पण फुकटही बसू द्यायचे नाहीत. "धा फेऱ्या ढकला, मग एकदा बसा." आम्ही दोघं मिळून ढकलायचो. हाताला लोखंडाचा आणि वंगणाचा वास लागायचा, तो जेवतानाही जायचा नाही.

त्या पाळण्याचं गणित ज्यानं बघितलं नाही त्याला सांगते. चार पाळणे समोरासमोर असतात. एकात जड माणूस बसला आणि समोरचा रिकामा राहिला, तर जड बाजू तळाला जाऊन बसते. मग कितीही जोर लावा, फिरवणाऱ्याचा खांदा निघतो. म्हणून बाबा आलेल्या मुलांकडं नुसतं बघून वजन सांगायचे. "ह्यो हिकडं, ती तिकडं. न्हाई, तू न्हाई, तुझा भाऊ." आई-बापांना वाटायचं हा माणूस उगाच पोरांची अदलाबदल करतोय. उतरवतानाही तसंच. एकाला उतरवलं की लगेच समोरच्याला, नाहीतर पाळणा झटका देतो. अख्ख्या दिवसात शंभरेक पोरं त्यांच्या हाताखालून जायची आणि एकालाही झटका बसायचा नाही.

आणि त्यांची नजर सतत तोंडांवर. फिरवताना त्यांनी जमिनीकडं किंवा रस्त्याकडं बघितलेलं मला आठवत नाही. प्रत्येक पाळणा खाली आला की त्यातल्या मुलाच्या डोळ्यांत एकदा बघायचे. हसत असेल तर पुढच्या फेरीला जरा जास्त जोर. ओठ मिटलेले असतील तर हात आडवा घालून वेग मारायचे, आणि पुढच्या खेपेला तो पाळणा छातीशी धरून थांबवायचे. मुलानं रडायची वाट ते कधी बघत नसत.

दुपारी एक ते चार काठावर शुकशुकाट असायचा. टुरिस्ट मंडळी हॉटेलांवर जेवून झोपलेली. घोडे तीन पायांवर उभे राहून डुलक्या घ्यायचे. तेव्हा पाळणा आमचा. पण मी एकटी बसले तर समोर कोण? भाऊ घाटातल्यासारखा इथंही घाबरायचा. मग बाबांनी जांभ्याचा एक धोंडा गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधला आणि तो माझ्या समोरच्या पाळण्यात बसवला. माझा जोडीदार. मी सात वर्षांची, धोंडा माझ्याहून जड. त्यामुळं पाळणा सोडला की धोंडा खाली आणि मी आपोआप वर. बाबा खाली बिडी पेटवायचे आणि मी वर टांगलेली. दहा-बारा फुटांची ती उंची. पण तिथून सगळा तलाव दिसायचा, पलीकडची झाडी दिसायची, मामाच्या गाडीचा धूर सरळ वर जाताना दिसायचा, आणि कुणीही मला हाक मारायचं नाही. "उतरवू का?" असं बाबा विचारायचे. मी म्हणायची, "अजून नको."

दर उन्हाळ्यात आल्या आल्या मी पहिल्यांदा धोंड्यासमोर बसून बघायची. 1982 ला अजून वर जात होते. 1983 ला पाळणा मधेच अडखळला, जरा वेळ डुलत राहिला आणि मग कसाबसा मला वर घेऊन गेला. 1984 ला मी बसले आणि धोंडा वर गेला. मी जमिनीला लागले. बाबा काही बोलले नाहीत, हसले फक्त, आणि त्यांनी गाडीवरून एक गाजर आणून माझ्या हातात दिलं. त्याच वर्षी मामाच्या गुडघ्यानं दगा दिला, गाडी विकली गेली आणि आमचं वर जाणं थांबलं.

बाबा एक गोष्ट नेहमी सांगायचे, की हे तळं इंग्रजांचं नाही, आपल्या सातारच्या राजाचं आहे. मला ती थाप वाटायची. पुढं वाचायला मिळालं, की ते खरंच बोलत होते. 1842 साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज यांनी हा तलाव बांधवून घेतला. 28 एकरांचं हे पाणी गेली 180 वर्षं आपलं आहे. माझा भाऊ तर त्याला आमचंच पाणी म्हणायचा, कारण हीच वेण्णा लिंगमळ्याला कड्यावरून उडी घेते, आमच्या आजोळच्या खोऱ्यातून मेढ्याला जाते, कण्हेरला थबकते आणि संगम माहुलीला कृष्णेत मिसळते. वहीचं पान फाडून तो होडी करायचा, सांडव्याखालच्या बारीकशा धारेत सोडायचा आणि छातीठोकपणे सांगायचा, "ही माहुलीला पोचणार." मे महिन्यात त्या धारेत होडी पाच पावलंही जायची नाही. दुसऱ्या दिवशी तो नवी करायचा.

आता यंदाचं सांगते.

आम्ही दुपारी चारच्या सुमाराला पोचलो. गर्दी अफाट. माझ्या लहानपणी एक पाळणा, एक लाकडी घोड्यांची चक्री, फुगे फोडायची छऱ्याची बंदूक आणि रिंगा टाकायचा खेळ एवढंच होतं. आता विजेवर चालणारी कितीतरी खेळणी आहेत, दिवे आहेत, गाणी आहेत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. पोरांना रंग आवडतात, मलाही आवडतात. नातीनं विमानांचं चक्र पसंत केलं. मी तिला बसवलं, पट्टा लावला आणि कठड्याबाहेर उभी राहिले.

दुसऱ्या फेरीला ती गप्प झाली. 28 वर्षं तीन ते सहा वयाच्या मुलांत काढल्यावर मला एक नक्की कळतं. या वयाचं मूल जेव्हा खरोखर घाबरतं तेव्हा ते आधी रडत नाही. ते गप्प होतं. नजर एका जागी खिळते, हाताची बोटं पांढरी पडतात. रडं येतं ते सुटका झाल्यावर. मी ओरडले, "थांबवा!" गाण्याच्या आवाजात माझं ओरडणं कुठल्या कुठं गेलं. बटणापाशी बसलेला मुलगा विशीतला असेल, पाठ चक्राकडं, मान मोबाइलमध्ये. मी धावत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला. तो दचकला. म्हणाला, "टायमर आहे मावशी, होईल आपोआप बंद." आणि झालं बंद, वेळ संपल्यावर. नातीचा फ्रॉक ओला झाला होता. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आजी, मी त्या दादाला हाक मारली होती."

ते चक्र कुणाचं, हे मी सांगणार नाही. त्या मुलावरही माझा राग नाही. त्याला तिकिटं फाडायला आणि बटण दाबायला ठेवलं होतं, ते काम तो करत होता. मुलांच्या तोंडाकडं बघणं हेही काम आहे, असं त्याला कुणी सांगितलंच नसणार.

मी तिचे कपडे बदलले. परत फिरणार, तेवढ्यात रांगेच्या अगदी टोकाला, घोडे उभे राहतात त्या बाजूला, तो दिसला. चार पाळण्यांचा, हातानं फिरवायचा. निळा रंग उडालेला, आसेवर गंजाचे डाग. बाजूला एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ टोपी मांडीवर ठेवून बसलेले. एकही मूल नाही. नात माझ्यामागं लपली. त्यांनी तिला बोलावलं नाही, जवळही आले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "बस की बाळा. तू म्हणशील तवा थांबवतो."

ती बराच वेळ बघत राहिली आणि मग बसली. पाव फेरी झाली नाही तोच म्हणाली, "थांब." पाळणा थांबला. तिनं त्यांच्याकडं बघितलं. "चालू." चालू झाला. अर्ध्यावर पुन्हा, "थांब." थांबला. मला वाटलं ते वैतागतील. ते प्रत्येक वेळी पाळणा दोन्ही हातांनी धरून उभे राहत होते. पाचव्यांदा तिनं थांब म्हटलंच नाही.

आणि समोरच्या पाळण्यात काय होतं, सांगू? गोणपाटात बांधलेला धोंडा. तो माझाच धोंडा होता असं मी म्हणणार नाही, जांभ्याला इथं काय तोटा. पण नात त्याच्याहून हलकी होती. फिरणं संपल्यावर ती वर जाऊन टांगली. खालून विचारणा झाली, "उतरवू का गं?" वरून उत्तर आलं, "अजून नको." माझ्या डोळ्यांतलं पाणी त्या गृहस्थांनी बघितलं आणि ते सोयीनं घोड्यांकडं बघत राहिले.

निघताना त्यांनी सांगितलं, "आवंदा शेवटचं वरीस. बेअरिंग गेल्यात. पोरगं म्हणतंय भंगारात घाला, दोन पैसं तरी येतील."

म्हणून हे पत्र. माझं मागणं असं, की तो पाळणा भंगारात जाऊ देऊ नका.

हे फक्त त्या एका गृहस्थांचं काम नाही, काठावरच्या सगळ्यांचं आहे. विजेची खेळणी असणाऱ्यांनो, पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल तुमच्याकडं आलं तर आधी त्याला हातपाळण्याकडं पाठवा. तिथं भीड चेपली की तेच मूल तुमच्याकडं येईल, हसत येईल आणि परत परत येईल. तुमचं गिऱ्हाईक कमी होणार नाही. हातपाळण्याची जागा रांगेच्या शेपटाला न ठेवता आई-बापांची पहिली नजर पडेल तिथं असू द्या. बेअरिंगसाठी आणि रंगासाठी वर्गणी काढा, माझा वाटा मी पाठवते. आणि बटणापाशी ज्याला बसवाल त्याचं तोंड चक्राकडं असू द्या. हात बटणावर, डोळे पोरांवर. टायमर असला तरी मधेच बंद करायची मुभा त्याला द्या.

हातपाळण्याच्या बाजूनं आणखी एक गोष्ट आहे. 2001 साली केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्यामुळं काठावर काय उभं करायचं आणि काय नाही, याचा विचार तुम्हाला नेहमीच करावा लागतो. या पाळण्याला काँक्रीटचा पाया लागत नाही, वीज लागत नाही, जनरेटरचा धूर नाही. जूनमध्ये उकलायचा, ताडपत्रीत गुंडाळायचा. पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात खेळणं असंच पाहिजे, पावसाआधी निघून जाणारं. बाबा तर निघताना खांबांचे खड्डेही मातीनं बुजवून वर चार ढेकळं दाबून जायचे.

घोडेवाल्या दादांनो, तुमच्याकडं अजून ती जुनी रीत आहे, हे बघून बरं वाटलं. लहान मूल पाठीवर असलं की लगाम हातात धरून शेजारून चालायचं. ती सोडू नका. कुणी आई-बाप व्हिडिओसाठी घोडा पळवायला सांगतात, त्यांना सरळ नाही म्हणा. घोड्यांना दुपारी सावली द्या, आणि लीद पाण्याजवळ राहू देऊ नका. महाबळेश्वर आणि पाचगणी हेच पाणी पितात, आणि तिथून खाली ते आमच्याकडं येतं.

ज्यांच्या घरातली पोरं हा धंदा नको म्हणतात, त्यांच्या पोरांशी मला बोलायचं आहे. पाळणा ढकलणं हे हलकं काम आहे असं तुम्हाला वाटत असेल. बाळांनो, मी पगार घेऊन 28 वर्षं जे करते आहे त्यातलं निम्मं मी त्या पाळण्यापाशी शिकले. मुलाला घाई कशी करायची नाही, त्याच्या चेहऱ्यावरून त्याचं मन कसं ओळखायचं, कुणाला कुणासमोर बसवायचं. अंगणवाडीत नवीन मूल पहिल्या दिवशी दारात अडून राहतं, तेव्हा मी त्याला हात धरून ओढत नाही. बसल्या जागेवरून सांगते, तुला वाटेल तेव्हा ये. हे मला कुठल्या प्रशिक्षणात सांगितलेलं नाही. वडिलांकडून तो पाळणा शिकून घ्या. मग तुम्हाला दुसरं काही करायचं असेल तर जरूर करा, पण निदान सिझनचे तीन महिने तो उभा राहू द्या.

कणसांच्या गाडीवाल्या मावश्यांना आणि वहिनींना इतकंच सांगते, की गाजराचा पाला काढू नका. मामी बरोबर सांगायची.

पुढच्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी नातीला घेऊन पुन्हा येणार आहे. भाऊही येणार म्हणतो. त्याचे आता केस पिकलेत, पण तो वहीची पानं घेऊन येणार आहे. नात तेव्हा सहा वर्षांची होईल, म्हणजे अजून दोन-चार उन्हाळे तरी ती वर जाईल.

तेवढा धोंडा सांभाळून ठेवा.

तुमची,
कणसाच्या गाडीवाल्या मामांची सातारची भाची